तिकडे जवान, इकडे नाटक

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, माझं माहेर सातारा तालुक्यातलं, सासर चिंचवडचं. मी सहकारी बँकेत नोकरी करते. धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक आहे, सध्या काश्मीरकडे. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तानमधला गोळीबार थांबल्यावर एका शनिवारी मैत्रिणींबरोबर रामकृष्ण मोरे नाट्यगृहात विनोदी नाटक बघायला गेले. मध्यंतरातला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली सी विंगमधल्या काकांनी लिहिलं, 'तिकडे जवान रक्त सांडताहेत, इकडे नाटकं चालू द्या. आधी लगीन कोंढाण्याचं म्हणणाऱ्यांचा हा महाराष्ट्र!' त्यावर भराभर अंगठे पडले. माझा भाऊ कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही. मी फोटो काढून टाकला. तेव्हापासून नाटक नाही की सिनेमा नाही. बातम्या मात्र सुटत नाहीत, रात्री दोनलाही फोन उघडून बघते. आशिया कपच्या फायनलला सासरे म्हणाले, पाकिस्तानशी खेळायचंच कशाला, टीव्ही बंद करा. नवरा म्हणाला, मॅच बघितली म्हणून कुणी देशद्रोही होत नाही. मग गाडी अग्निवीरवर गेली. दोघंही माझ्या भावाचं नाव घेऊन भांडत होते. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, तर पहिला प्रश्न, 'तायडे, तिलकची बॅटिंग बघितलीस का? आम्ही लंगरमध्ये (म्हणजे त्यांच्या जेवणघरात) सगळे नाचलो.' मला रडूच कोसळलं. भावजय गावी दोन पोरांना घेऊन राहते आणि निवांत मालिका बघते, तिचं मला नवल वाटतं. मी हसणं चूक आहे का? काकांना काय उत्तर देऊ? – वैशाली (नाव बदललं आहे)"

प्रिय वैशाली,

नाही, चूक नाही. पण तेवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, म्हणून जरा बैजवार लिहिते.

आधी तो कोंढाणा. तानाजी मालुसऱ्यांनी लग्न मागे ठेवलं ते स्वतःच्या मुलाचं. आणि मग ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री ते स्वतः कडा चढले. दुसऱ्याच्या मांडवात जाऊन 'बंद करा सनई' असं ते म्हणाल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. रायबाचं लग्न पुढे महाराजांनी लावून दिलं असंही सांगतात, म्हणजे वऱ्हाड जेवलंच. काकांनी मात्र मागे ठेवलं ते तुझं नाटक, आणि ते कुठला कडा चढले ते तुझ्या पत्रात नाही.

'लढाई चालू असताना खेळ-तमाशे कसले' हा सूर काही नवा नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल आणि क्रिकेटचा वर्ल्ड कप एकाच वेळी चालू होते. ८ जूनला मँचेस्टरला भारत-पाकिस्तान सामना झाला. व्यंकटेश प्रसादने पाच जणांना बाद केलं, आपण ४७ धावांनी जिंकलो. तेव्हा तोलोलिंगच्या चढावर आपली पोरं अजून अडकलेली होती, शिखर हाती आलं त्यानंतर पाच दिवसांनी. ते युद्ध संपेपर्यंत ५२७ जण गेले. आठ जूनच्या रात्री मुंबई-पुण्यात फटाके वाजवणाऱ्यांना त्या पोरांची फिकीर नव्हती असं कुणी म्हणालं, तर मला ते पटणार नाही. तेच लोक सकाळी पेपर उघडून पहिल्यांदा मृतांची नावं वाचत होते. त्याच वर्ल्ड कपमध्ये १९ मे रोजी सचिनचे वडील गेले आणि २३ मे रोजी तो केनियाविरुद्ध १४० धावा काढून नाबाद परतला. पुन्हा इंग्लंडला पाठवलं ते आईने. त्याला निर्दयी म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्याहून मागचं एक आठवण करून देते, कारण ते फार जणांना माहीत नसतं. १९७१ चं युद्ध पेटलं तेव्हा सुनील गावसकर ऑस्ट्रेलियात होता. गॅरी सोबर्सच्या कप्तानीखाली जागतिक संघ खेळत होता. त्यात गावसकर, बेदी, फारुख इंजिनियर होते आणि पाकिस्तानचे झहीर अब्बास, इंतिखाब आलम, आसिफ मसूदही. इकडे मुंबईत काचांना काळे कागद लावून दिवे विझवले जात होते आणि तिकडे ही मंडळी एकाच ड्रेसिंग रूममध्ये पॅड बांधत होती.

याचा अर्थ कधीच काही थांबवायचं नाही, असाही नाही. २०२५ मध्ये ८ मे रोजी धरमशालेतला आयपीएलचा सामना अर्ध्यावर थांबवला आणि दुसऱ्या दिवशी अख्खी स्पर्धा आठवड्यासाठी स्थगित केली, ते योग्यच झालं. जवळपास ड्रोन येत असताना तिथे चौकार-षटकार कुणाला हवे होते? गावात जवानाचं पार्थिव येतं त्या दिवशी दुकानं कुणी न सांगता बंद होतात, वरातीची तारीख पुढे जाते. हे भान गावाला शिकवावं लागत नाही. पण ते भान त्या दिवसाचं आणि त्या घराचं असतं. काकांना हवी आहे ती बेमुदत बंदी, तीही दुसऱ्यासाठी.

तू सातारा तालुक्यातली, तेव्हा अपशिंगे मिलिटरी तुला सांगायला नको. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आजही तिथे सैन्यात माणूस नसलेलं घर शोधावं लागतं. कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, तिचीही तीच कथा. अशा गावांत यात्रा भरत नाहीत का? कुस्त्या लागत नाहीत? उलट सुट्टी गावच्या यात्रेला जुळावी म्हणून जवान वर्षभर खटपट करतो. नाही जुळली तर फोनवरून विचारतो, निकाली कुस्ती कुणी मारली. विविध भारतीवर फौजी भावांसाठी 'जयमाला' कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला तो उगाच का? चौकीवर व्हॉलीबॉलचं नेट असतं, युनिटमध्ये बडा खाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, आणि तुझ्या भावाने सांगितलाच तो लंगरमधला टीव्ही. ज्यांच्या नावाने तुझ्यावर ओरडा झाला ते स्वतः तिलक वर्माच्या ६९ धावांवर नाचत होते, आणि तू इकडे टीव्हीकडे पाठ करून बसली होतीस. त्या फोनवर तू त्याला काय उत्तर दिलंस ते पत्रात नाही. 'बघितली रे' म्हणाली असतीस तर त्याला पाच मिनिटं घरच्यासारखं बोलता आलं असतं. पुढच्या वेळी मॅच बघून ठेव. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते, ते तू जाता जाता लिहिलंस: रात्री दोनला फोन उघडून बघते. तू याला अपराधी वाटणं म्हणतेस. मला ती सरळ भीती दिसते. मनाच्या कोपऱ्यात असं घट्ट बसलंय की मी जागी आहे तोवर तो सुखरूप आहे, आणि ज्या घटकेला मी खळखळून हसेन त्याच घटकेला तिकडे काहीतरी होईल. ज्यांचं माणूस लांब आणि धोक्यात असतं अशा बहुतेकांच्या मनात हे येतं. कुणी नवस बोलतं, कुणी गोड सोडतं. तू नाटक सोडलंस. काकांचा शेरा तुला इतका लागला, कारण तुझ्या मनातली ती अंधश्रद्धाच त्यांनी नेमकी मोठ्याने म्हटली.

पण तुझ्या जागरणाने त्याच्या बंकरची भिंत जाड होत नाही. आणि वाईट बातमी घरच्यांना कळवण्याची सैन्याची स्वतःची पद्धत आहे. चॅनेलच्या लाल पट्टीवर ती आधी सापडेल म्हणून तू जागणार असशील, तर त्या पट्टीची लायकी मे महिन्यात सगळ्यांनी बघितली आहे. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून निवेदक घसा फोडून सांगत होते. सकाळी बंदर जागच्या जागी. व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली. कार्यक्रमात रंगत यावी म्हणून हवाई हल्ल्याचा भोंगा इतक्यांदा वाजवला की शेवटी तो वापरू नका असं सरकारला सांगावं लागलं, कारण खरा भोंगा वाजला तर लोक हलणारच नाहीत अशी धास्ती होती.

माझा राग आहे तो इथे. तीनशे-चारशे रुपयांचं तिकीट काढून, अंधारात गप्प बसून, नटाच्या विनोदाला हसलेली बाई कुणाचं काही बिघडवत नाही. स्टुडिओत नकाशावर खेळण्यातली विमानं फिरवून मरणाचा खेळ मांडणारे आणि तो चहा-चिवड्यासोबत बघून 'अजून दोन टाका' म्हणणारे, त्यांना कुणी 'तिकडे जवान रक्त सांडताहेत' असं सुनावत नाही. पैज लावून सांगते, त्या रात्री तुमच्या ग्रुपवरही कराचीचे फटाके फुटले असतील. जमलं तर मागे जाऊन बघ कुणी पाठवले ते.

तेव्हा बातम्यांचं वेळापत्रक कर. सकाळी पेपर, संध्याकाळी एकदा आकाशवाणीचं बातमीपत्र, बास. सीमेवर काही पेटलंच तर सैन्याची अधिकृत पत्रकार परिषद ऐक, तिच्यावरची चर्चा ऐकू नकोस. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. भाऊ कुठल्या भागात आहे, कधी हलला, कुठल्या चौकीवर गेला, यातलं काहीही कुठल्याच ग्रुपवर लिहायचं नाही, अगदी माहेरच्या ग्रुपवरही. त्याचा वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवायचा मोहही आवर. आणि मे महिन्यापासून झोप अशीच असेल तर डॉक्टरांकडे जा. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. भाऊ फौजी आहे म्हणून बहिणीने औषध घेऊ नये असा काही नियम नाही.

भावजयीचं तुला नवल वाटतं. मला तिचा आदर वाटला. नवरा लांब असताना दोन पोरांना वेळेवर जेवू घालून, अभ्यास घेऊन, साडेसातची मालिका न चुकवणारी बाई निवांत आहे असं तुला कोणी सांगितलं? पोरं आईच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात की घाबरायचं की नाही. तिने ते कसं जमवलं ते तिलाच विचार. दिवाळीत भाऊबीजेला भाऊ नसेल तर तू माहेरी जा, दोन दिवस तिच्याकडे राहा, आणि तिची मालिका तिच्या शेजारी बसून बघ. मालिका टुकार असेल, तरीही बघ.

घरातल्या महाभारताबद्दल. सासऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पहलगामला २२ एप्रिलला जी २६ माणसं मारली गेली त्यांत सहा आपल्या राज्यातली होती, तिघं एकट्या डोंबिवलीची. सुट्टी घालवायला, घोड्यावर बसून फोटो काढायला गेलेली माणसं. त्यानंतर पाच महिन्यांत पाकिस्तानबरोबरची मॅच गोड लागत नाही, असं कुणी म्हटलं तर त्यात खोटं काय? घरचं माणूस गमावलेल्यांपैकी काहींनीही सामना नको असं जाहीरपणे म्हटलं होतं. सरकारने मात्र ऑगस्टमध्येच धोरण स्पष्ट केलं होतं: दोन देशांतली मालिका नाही, अनेक देशांच्या स्पर्धेत खेळायचं. मग सप्टेंबरात तीनदा खेळलो, तिन्हीदा जिंकलो, हात मिळवला नाही, करंडकही त्यांच्या मंत्र्याच्या हातून घेतला नाही. मला विचारशील तर हे मधलं काहीतरी झालं. खेळायचं तर नीट खेळावं, नाही तर घरी बसावं. सूर्यकुमारने सामन्यांचं मानधन सैन्यदलांना देऊ केलं, तेवढं मला आवडलं. तुझ्या नवऱ्याचं मत याहून वेगळं असेल, सासऱ्यांचं तिसरंच. असू दे ना. तीन मतं एका टेबलावर जेवू शकतात.

अग्निवीरवर तर बोलायलाच हवं. जून २०२२ मध्ये योजना आली, चार वर्षांची नोकरी, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करणार. तुझ्या माहेरच्या रस्त्यावर पहाटे सोळाशे मीटर धावणाऱ्या पोरांच्या आयुष्याचा तो हिशेब आहे. त्यावर प्रश्न विचारला की जवानांचा अपमान होतो, हे मला कधी समजलेलं नाही. १९६२ मध्ये चीनचं सैन्य पुढे सरकत असताना संसद अलीकडे ओढून बोलावली गेली, तिथे पंतप्रधानांना तोंडावर सुनावलं गेलं. संरक्षणमंत्री आधीच गेले होते, आणि त्यांच्या जागी आपले यशवंतराव दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतो ना आपण, तो प्रश्न विचारले गेले म्हणून धावला. कारगिल संपल्यावर तिसऱ्या दिवशी सुब्रह्मण्यम समिती नेमली, चुका कुठे झाल्या ते शोधायला. तिच्या अहवालाने कुणाचं शौर्य कमी झालं नाही.

फक्त एक अट घाल, आणि ती कडक पाळ. जेवणाच्या टेबलावर तुझ्या भावाचं नाव पुरावा म्हणून वापरायचं नाही. कुणी घेतलंच तर तिथल्या तिथे म्हण, "थांबा, त्याला फोन लावते, तुमचं त्यालाच सांगा." सासरे गप्प होतील, नवराही होईल. त्याची मतं काय आहेत हे दोघांनाही माहीत नाही. गणवेशात असेतोवर तो ती जाहीरपणे सांगूही शकत नाही. बोलता न येणाऱ्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालणं हे मला नाटक बघण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटतं.

अपराधीपणाचं काय करू, असं तरीही तुझ्या मनात उरेल. तर त्याला कामाला लाव. तू बँकेत आहेस, कागदपत्रांशी तुझी दोस्ती आहे. माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. वर्षाला हयातीचा दाखला भरावा लागतो, आणि पुष्कळ जणांचा तो नोव्हेंबरात असतो. शेतात राबलेल्या म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, आणि दाखला अडला की पेन्शन अडते. चेहरा दाखवून तो मोबाइलवरही निघतो, पण हे सांगायला जवळ कुणीतरी लागतं. भाऊबीजेला जाशील तेव्हा आळीतल्या चार म्हाताऱ्यांचे दाखले काढून दे. एका दुपारचं काम आहे, पण काही घरांचा महिना त्यावर चालतो.

आणि चिंचवडहून लोकलने चारच स्थानकांवर खडकी आहे. तिथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मणक्याला इजा होऊन कायमचे चाकाच्या खुर्चीवर आलेले जवान तिथे राहतात. बलिदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तिरंग्यातली पेटीच येते. जिवंत परतून पुढची चाळीस वर्षं खुर्चीत काढणारा माणूस कुणाच्या स्टेटसवर नसतो. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं आपण सगळे कुठे होतो, हा प्रश्न ग्रुपवर टाकण्यासारखा आहे. सेंटरला आधी फोन करून, परवानगी घेऊन जा, आणि हात हलवत जा, मिठाईचे पुडे घेऊन फोटोसाठी जाऊ नकोस. त्यांच्याशी क्रिकेटवर बोल.

भावाला फराळ पाठवणार असशील तर आता उशीर करू नकोस. एपीओच्या, म्हणजे सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावरचं पार्सल वेळ खातं. चकल्यांचा चुरा होतो, लाडू आणि शंकरपाळे टिकतात. एकट्याच्या मापाने करू नकोस, लंगरमध्ये पुरलं पाहिजे.

उरले काका. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. 'माझा भाऊ तिथे आहे' असं लिहून त्यांना खजील करायचा मोह होईल, पण मग भाऊ पुन्हा पुरावाच झाला, आणि शिवाय ज्यांचा भाऊ सीमेवर नाही त्यांनी नाटक बघायचं नाही असा अर्थ निघेल. जिन्यात भेटले की साधं विचार, "काका, ७ डिसेंबरला सैन्यदलांचा ध्वजदिन आहे. आपल्या सोसायटीतून निधी गोळा करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरू या का? पावती फलकावर लावू. घरोघर फिरायचं काम तुम्ही घ्याल?" हो म्हणाले तर उत्तमच, त्यांना एक चांगलं काम मिळेल आणि तुला एक सोबती. गुडघे दुखतात म्हणाले, तर तू फीर, आणि पहिली बेल सी विंगमध्ये त्यांच्याच दाराची वाजव. मोरे नाट्यगृहाचं पुढच्या शनिवारचं तिकीट मात्र त्याआधीच काढून ठेव, शनिवारचे प्रयोग लवकर भरतात.

– ताई